मुंग्यांच्या घरात राहून त्यांचीच पिल्लं खाणारं फुलपाखरू, आणि त्याचं गुपित कागदावर उतरवणारा एका डोळ्याचा चित्रकार

कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि बिचारा कावळा परक्याचं पोर आपलं समजून वाढवतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण हाच उद्योग एक फुलपाखरू करतं, तेही मुंग्यांच्या घरात घुसून, असं कुणी सांगितलं तर?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या भल्याभल्या अभ्यासकांना या फुलपाखराने घाम फोडला होता. नाव लार्ज ब्लू. निळ्या रंगाचं, पंखांवर काळे ठिपके असलेलं, तिथल्या निळ्या फुलपाखरांमध्ये आकाराने मोठं. कार्ल लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं होतं. इंग्लंडमध्ये ते उडतं याची नोंद १७९५ सालची. म्हणजे फुलपाखरू ओळखीचं होतं, ते कुठल्या झाडावर अंडी घालतं हेही समजलं होतं. अंड्यातून अळी निघायची, दोन-तीन आठवडे नीट खायची, आणि मग एक दिवस खाणंच बंद. समोर कितीही ताजी फुलं ठेवा, तोंड लावायची नाही. नुसती भटकत राहायची आणि मरून जायची.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्याच टेकडीवर फुलपाखरं हजर. मग मधले दहा महिने ही अळी जाते कुठे? खाते काय?

ज्या माणसाच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा चित्रांसकट सविस्तर छापून आलं, त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम फ्रोहॉक.

फ्रोहॉकचा जन्म १६ जुलै १८६१ चा. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे, तिथल्या ब्रिस्ली हॉलमधला. वडील शेतकरी, घरची स्थिती चांगली. आजूबाजूला शेतं, कुंपणाच्या झाडीत पक्षी, ओल्या जागेत किडे, त्यामुळे पोराला निसर्गाचा नाद लवकर लागला. पण लहानपणीच त्याला टायफॉइड झाला. त्यातून जीव वाचला, एका डोळ्याची नजर गेली.

आता गंमत बघा. एका डोळ्याने बघणाऱ्या या मुलाने पुढे पोटापाण्यासाठी कुठलं काम निवडलं, तर बारीकसारीक चित्रं काढण्याचं. फुलपाखराचं अंडं मोहरीच्या दाण्याहून लहान असतं. ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, त्यावरच्या रेघा आणि खाचा मोजायच्या आणि जशाच्या तशा कागदावर उतरवायच्या. आयुष्यभर त्याने हेच केलं.

तेव्हा छायाचित्रण अजून अवजड होतं. पुस्तकात पक्षी छापायचा तर तो कुणीतरी हाताने काढावा लागायचा, आणि असं काम करणाऱ्यांना मागणी होती. फ्रोहॉक ‘द फील्ड’ या गाजलेल्या साप्ताहिकासाठी अनेक वर्षं चित्रं काढत होता. आर्थर बटलरच्या ब्रिटिश पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची चित्रं त्याची. हवाई बेटांवरच्या पक्ष्यांवर स्कॉट विल्सन आणि आर्थर इव्हान्स यांनी १८९० च्या दशकात जो ग्रंथ काढला, त्यातलीही त्याचीच. त्या ग्रंथातले कितीतरी पक्षी आज जगात कुठेच नाहीत. ते जिवंतपणी कसे दिसत असतील याचा अंदाज घ्यायला लोक आता ही असली जुनी चित्रं उघडतात.

एका पक्ष्याला तर शास्त्रीय नावच फ्रोहॉकने दिलं. पॅसिफिक महासागरात लेसन नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथला एक लहानसा, उडता न येणारा, तुरुतुरु धावणारा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी. १८९२ साली फ्रोहॉकने त्याचं वर्णन छापलं आणि हेन्री पामर या संग्राहकाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. या पक्ष्याचं पुढे काय झालं ते नंतर येईलच.

पोट पक्ष्यांवर चालत होतं, पण जीव फुलपाखरांत अडकला होता.

त्या काळात इंग्लंडमध्ये फुलपाखरं जमवण्याचं वेड होतं. डॉक्टर, पाद्री, लष्करी अधिकारी, जमीनदार असे सगळे जाळी घेऊन रानोमाळ फिरायचे. पकडायचं, मारायचं, टाचणीला लावायचं आणि काचेच्या पेटीत ठेवायचं. दुर्मीळ नगाला चांगला भाव यायचा. लार्ज ब्लू त्यातलंच एक, पेटीत असलं की चारचौघांत मिरवता येईल असं. सांगायचा मुद्दा, पेटीतल्या मेलेल्या फुलपाखरांची माहिती भरपूर जमली होती, पण जिवंत फुलपाखरू अंड्यापासून पंखांपर्यंत कसं वाढतं, याबाबत बराच अंधार होता.

१८९० च्या सुमारास फ्रोहॉकने ठरवलं, की ब्रिटनमधल्या प्रत्येक फुलपाखराचा अख्खा जन्म स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. अंडं मिळवायचं, घरी आणायचं, अळी निघाली की तिला तिचा पाला द्यायचा. दर वेळी ती कात टाकेल तेव्हा नवं चित्र, नवं वर्णन. मग कोष, मग फुलपाखरू. एका जातीला एक वर्ष, कधी जास्त. अळी मेली की पुढच्या हंगामापर्यंत थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. या कामाला कुठल्या विद्यापीठाची नोकरी नव्हती. दिवसा पोटाची चित्रं आणि उरलेल्या वेळात अळ्यांची सेवा, असं चोवीस वर्षं चाललं.

एकेक जात मार्गी लागत गेली. लार्ज ब्लू मात्र हटून बसलं.

हे फुलपाखरू रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालतं. थाइम म्हणजे जमिनीलगत पसरणारं बुटकं झुडूप, चुरगाळलं की ओव्याच्या जवळ जाणारा वास येतो. इंग्लंडमधल्या उन्हाच्या उतारांवर त्याची जांभळट-गुलाबी फुलं येतात. अळी निघते तीही गुलाबीसर, त्यामुळे फुलात बसली की दिसत नाही. ती फुलाच्या आतला भाग पोखरून खाते. आणि एकाच फुलावर दोन अळ्या निघाल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते. तेव्हा शाकाहारी वाटणारी ही अळी पहिल्यापासून तशी साधी नव्हतीच.

तीनदा कात टाकेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तेव्हा तिची लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. पूर्ण वाढलेली अळी याच्या कितीतरी पट मोठी असणार, हे फुलपाखराच्या आकारावरूनच कळत होतं. आणि नेमकी इथेच ती झाडावरून खाली येते आणि थाइम कायमचा सोडते. फ्रोहॉकने अळ्या इथपर्यंत वाढवल्या होत्या. त्यापुढे त्यालाही रस्ता सापडत नव्हता.

मुंग्यांचा यात काहीतरी हात असणार, अशी शंका होती. ती हवेतली नव्हती. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या बऱ्याच अळ्यांची मुंग्यांशी दोस्ती असते, हे तोवर माहीत होतं. अळीच्या पाठीवर शेपटाकडे एक ग्रंथी असते, मुंगीने मिशांनी कुरवाळलं की त्यातून गोड रसाचा थेंब येतो. मुंगी तो पिते. बदल्यात अळीवर हल्ला करायला येणाऱ्या कीटकांना मुंग्या हाकलतात. दोघांचाही फायदा, सरळ व्यवहार. लार्ज ब्लूच्या अळीलाही अशी ग्रंथी होती. पण गोड रस देणारी अळी झाड सोडून का जाते आणि पुढे जगते कशावर, हे या दोस्तीच्या हिशोबात बसत नव्हतं.

गाठ सुटली १९१५ साली, आणि सुटली ती चुकून.

डॉ. थॉमस अल्जर्नन चॅपमन हा फ्रोहॉकपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, पेशाने डॉक्टर आणि कीटकांचा जाणकार. त्याने थाइमचं एक झुडूप उपटलं. खाली मुंग्यांचं घर होतं आणि त्यात लार्ज ब्लूची वाढलेली अळी. पण उपटताना ती दुखावली. आता ती जगणार नाही म्हटल्यावर चॅपमनने तिचं पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आत पाला नव्हता. आत मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष होते.

झाड सोडल्यावर ही अळी मांसाहारी होत होती. आणि मांस कुणाचं, तर ज्यांच्या घरात राहते त्यांच्याच लेकरांचं.

पण मेलेल्या अळीच्या पोटावरून एवढंच कळलं की ती काय खाते. ती मुंग्यांच्या घरात पोचते कशी? मुंग्या आपल्या पिल्लांपर्यंत परक्याला जाऊ देतात कशा? एरवी घरात घुसणाऱ्या किड्याचे त्या तुकडे करतात. हे बघायचं तर जमिनीखालचं घर जमिनीवर आणायला हवं होतं.

इथे तिसरा गडी आला, कॅप्टन ई. बी. प्युअरफॉय. केंट परगण्यातल्या ईस्ट फार्ली गावात त्याचं घर होतं. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं, आणि इथे हा कॅप्टन मुंग्यांसाठी घरं बांधतोय. त्यासाठी त्याने शोधलेली वस्तू मात्र झकास होती, अक्रोडाचं कवच. अर्धं कवच पालथं घातलं की आत काळोख आणि मुंग्यांच्या छोट्या कुटुंबापुरती जागा. उचललं की आतला सगळा संसार डोळ्यांसमोर. त्यात मुंग्या, त्यांची पिल्लं आणि लार्ज ब्लूची एक अळी सोडायची आणि बघत बसायचं. प्युअरफॉय मुंग्या सांभाळत होता, फ्रोहॉक पाहत होता, लिहीत होता, चित्रं काढत होता.

त्यांनी जे पाहिलं ते असं.

झाडावरून उतरलेली अळी फार लांब जात नाही. ती जमिनीवर कुठेतरी आडोशाला थांबते. फिरती मुंगी तिला गाठते आणि मिशांनी चाचपते. अळी पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब देते. मुंगी पिते, भोवती फिरते, पुन्हा पिते. हे बराच वेळ चालतं. मग अळी अचानक एक विचित्र गोष्ट करते. डोक्यामागचा भाग ती फुगवते आणि अंगाला असा बाक देते की तिचा आकारच बदलतो. मुंगी थबकते. आणि पुढच्या क्षणी त्या फुगलेल्या भागाच्या मागे जबड्यात धरून तिला उचलते आणि घराकडे चालू लागते. घराबाहेर पडलेलं आपलं बाळ मुंगी जसं उचलून आत नेते, अगदी तसं.

पुढचा प्रकार अक्रोडाच्या कवचाखाली घडत होता. मुंगी अळीला पिल्लांच्या ढिगात नेऊन ठेवते, म्हणजे थेट पाळणाघरात. आणि अळी खायला लागते. आजूबाजूला मुंग्या ये-जा करतात, पिल्लं हलवतात, साफ करतात, पण या पाहुणीला कुणी हात लावत नाही. गुलाबी रंग जाऊन ती फिकट पांढरट होते. अंग फुगतं. थंडीत ती तिथेच झोपून राहते, वसंतात उठून पुन्हा खाते. साधारण दहा महिन्यांनी तिथेच कोष करते. फुलपाखरू बाहेर पडतं तेही मुंग्यांच्या घरात. पंख अजून चुरगळलेले असतात, तसंच ते बोगद्यातून सरपटत वर येतं, गवताच्या काडीवर चढतं आणि मग पंख पसरतं.

फुलपाखराचं वजन धरलं तर त्यातलं ९८ टक्क्यांच्या आसपास मुंग्यांच्या पिल्लांवर कमावलेलं असतं. फुलावर बसणाऱ्या त्या नाजूक निळ्या जिवाचा थाइमशी संबंध तसा नावापुरताच.

मुंग्या फसतात कशा, हे फ्रोहॉकच्या काळात कळणं शक्य नव्हतं. मुंग्यांचं जग वासावर चालतं. कोण आपला आणि कोण परका, हे त्या अंगावरच्या वासावरून ठरवतात, आणि ही अळी मुंगीच्या पिल्लासारखा वास धारण करते. एवढ्यावर भागलं नाही. लार्ज ब्लूच्या अगदी जवळच्या एका जातीवर २००९ साली संशोधन प्रसिद्ध झालं. त्या जातीची अळी आणि कोष बारीक आवाज काढतात, आणि तो आवाज राणी मुंगीच्या आवाजाशी मिळताजुळता असतो. म्हणजे वास पोराचा आणि रुबाब राणीचा.

आणि हे फक्त विलायतेत घडतं असं नाही. आंब्याच्या झाडावर पानं जोडून घरटं करणाऱ्या आणि हात लागला की कडकडून चावणाऱ्या तांबड्या मुंग्या आपल्या ओळखीच्या आहेत. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारं मॉथ बटरफ्लाय नावाचं फुलपाखरू त्यांच्याच घरट्यात वाढतं आणि त्यांचीच पिल्लं खातं. पण त्याची पद्धत दरोडेखोराची. अळीची पाठ कासवाच्या पाठीसारखी टणक आणि चपटी, त्यामुळे मुंग्यांचे जबडे लागूच होत नाहीत. फुलपाखरू बाहेर पडतं तेव्हा अंगावर सैल खवले असतात. मुंगी चावली की तिच्या तोंडात नुसते खवलेच येतात, आणि फुलपाखरू निसटतं. लार्ज ब्लूला असलं चिलखत लागत नाही. त्याला दारापर्यंत उचलून न्यायला मुंगीच येते.

फ्रोहॉकचं मोठं पुस्तक १९१४ पर्यंत बहुतेक तयार झालं होतं, पण युद्धाने सगळं अडकलं. तेवढ्या काळात लार्ज ब्लूचं कोडं सुटलं हा त्यातल्या त्यात फायदा. शेवटी १९२४ साली ‘नॅचरल हिस्टरी ऑफ ब्रिटिश बटरफ्लाइज’ दोन जाडजूड खंडांत बाहेर आलं. अंडं, प्रत्येक कातीनंतरची अळी, कोष, फुलपाखरू, सगळं त्याच्या हातचं. त्यातच लार्ज ब्लूची ही कहाणीही होती. अक्रोडवाल्या प्युअरफॉयने स्वतः लिहिलेली प्रयोगांची हकिकत मात्र छापून यायला १९५३ साल उजाडलं.

फ्रोहॉकच्या वेडाचा पुरावा त्याच्या घरातच होता. सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरी नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या काही माद्या नारिंगी नसतात, तर गडद हिरवट-करड्या असतात. या रूपाला व्हॅलेझिना म्हणतात. फ्रोहॉकला ते इतकं आवडायचं की दुसऱ्या लग्नातून झालेल्या मुलीचं नाव त्याने व्हॅलेझिना ठेवलं. ही मुलगी पुढे लग्नानंतर व्हायकाउंटेस बोलिंगब्रोक झाली, म्हणजे इंग्लंडच्या उमराव घराण्यात गेली, आणि जाताना फुलपाखराचं नाव सोबत घेऊन गेली.

म्हातारपणीही तो थांबला नाही. १९३४ साली सामान्य वाचकांसाठी ब्रिटिश फुलपाखरांचं एका खंडातलं पुस्तक काढलं. १९३८ साली फुलपाखरांच्या वेगळ्या रंगरूपांवर आणखी एक. तेव्हा वय सत्त्याहत्तरच्या घरात होतं. १० डिसेंबर १९४६ रोजी सरे परगण्यातल्या सटन इथे तो गेला.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९४४ च्या सुमारास, लेसन बेटावरचा तो धावरा पक्षी जगातून संपला होता. मूळ बेटावर माणसांनी आणून सोडलेल्या सशांनी सगळी हिरवळ फस्त केल्यामुळे तो तिथून आधीच नाहीसा झाला होता. मिडवे बेटांवर काही पक्षी नेऊन सोडले होते, तिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या बोटींतून उंदीर उतरले. उडता न येणाऱ्या पक्ष्याचं उंदरांपुढे काय चालणार?

लार्ज ब्लूवरही वेळ येतच होती. जिथे जिथे ते होतं, तिथल्या वसाहती एकामागून एक रिकाम्या होत चालल्या. लोकांनी बोट दाखवलं ते जाळीवाल्यांकडे. तर्क बरोबर वाटत होता, इतकं महागडं फुलपाखरू, पकडून पकडूनच संपवलं असणार. म्हणून काही ठिकाणी जागा राखून ठेवल्या, कुंपणं घातली. पकडणारे बाहेर राहिले. फुलपाखरू तरी नाहीसं होतच गेलं.

चूक अक्रोडाच्या कवचात लपली होती. त्यात कुणाचा आळस नव्हता, प्रयोगाची मर्यादाच तशी होती. लार्ज ब्लूची अळी मायर्मिका गटातल्या लाल मुंग्यांकडे जाते, एवढं त्या तिघांनी नक्की केलं होतं. पण या गटात बऱ्याच जाती आहेत, दिसायलाही सारख्या. प्युअरफॉयच्या घरी खाणं मुबलक, शत्रू कुणी नाही, तिथे कुठल्याही मायर्मिकाने अळीला पोसलं. त्यामुळे पुढच्या दोन पिढ्या धरून चालल्या की मुंगी लाल असली म्हणजे झालं.

१९७० च्या दशकात जेरेमी थॉमस नावाचा तरुण संशोधक इंग्लंडमधल्या शेवटच्या वसाहतीजवळ मुक्काम ठोकून बसला. त्याने कवच वगैरे काही वापरलं नाही, तर रानातल्या जमिनीवर गुडघे टेकून मोजमाप केलं. त्यातून दिसलं की बाहेरच्या जगात अळी नीट जगते ती मायर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या घरात. दुसऱ्या मायर्मिकाही तिला उचलून नेतात, पण तिथे तिचं बिंग बहुतेक वेळा फुटतं आणि ती मारली जाते.

आणि ही सॅब्युलेटी मोठी नाजूक प्रकृतीची. तिला गरम माती लागते. इंग्लंडच्या थंड हवेत माती गरम राहायची तर गवत अगदी बुटकं हवं, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे ऊन थेट जमिनीवर पडतं. हे काम पूर्वी गुरं, मेंढ्या आणि ससे करायचे. पुढे अशा उतारांवर गुरं चारणं परवडेनासं झालं. १९५३ साली ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि थोड्याच वर्षांत तिथले ९५ टक्क्यांहून जास्त ससे मेले. गवत वाढलं, मातीवर सावली आली, ती काही अंशांनी थंड झाली. सॅब्युलेटी गेली आणि तिच्या जागी दुसरी मायर्मिका आली. वरून बघणाऱ्याला थाइम तसाच दिसत होता, मुंग्याही लाल दिसत होत्या. अळ्या मात्र चुकीच्या घरात जाऊन मरत होत्या. आणि ज्यांनी प्रेमाने कुंपण घातलं होतं, त्यांनी जाळीवाल्यांबरोबर गुरांनाही बाहेर ठेवलं होतं.

थॉमसला उत्तर सापडलं तोवर उशीर झाला होता. डेव्हनमधल्या डार्टमूरच्या कडेला उरलेली शेवटची वसाहत आधीच मूठभर, त्यात १९७५-७६ चा दुष्काळ पडला. १९७९ साली लार्ज ब्लू ब्रिटनमधून संपल्याचं जाहीर झालं.

पण यावेळी कृती हातात होती. आधी गुरं चारून गवत बसवलं, सॅब्युलेटी परत येईपर्यंत थांबले, आणि मग स्वीडनमधल्या ओलँड बेटावरून लार्ज ब्लू आणलं. सुरुवात १९८३ साली झाली. पहिली काही वर्षं धाकधूक होती, मग ते तगलं आणि नव्या टेकड्यांवर पसरलं. सॉमरसेटमधली कॉलर्ड हिल त्यातलीच एक. जून-जुलैत तिथे लोक मुद्दाम ते बघायला येतात, हातात जाळी नसते, कॅमेरा असतो.

त्या टेकडीवर आजही गुरं चरायला सोडतात, आणि ती कधी सोडायची, कधी काढायची हे ठरतं मुंग्यांना किती उंचीचं गवत चालतं त्यावरून.